कादंबरीतला सासरा

रहिमतपूरच्या आमच्या वाचनालयात एक रिटायर सुभेदार रोज येतात. खुर्चीत ताठ बसून वाचतात आणि "आरं, मागं बघ!" असे पात्रांना मोठ्यानं हुकूम सोडतात. गेल्या आठवड्यात त्यांनी एका शास्त्रज्ञ बाईवरची कादंबरी घेतली. सासरा तिला प्रयोगशाळेत जाऊ देत नाही, त्या पानावर ते उठले. पुस्तक माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले, "ह्यो सासरा लय आडमुठा हाय."

त्यांच्या सुनेला पुण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागलीय आणि सुभेदार तिला सोडत नाहीत, हे गावाला ठाऊक होतं. मी पुस्तक त्यांच्यासाठी बाजूला ठेवलं.

सोमवारी ते एसटी स्टँडवरून थेट आले.

"सूनबाईला पुण्याच्या गाडीत बसवून आलो. द्या आता ते पुस्तक. बघू, त्यो कवा ताळ्यावर येतोय."