गुणी लेकरू आणि सकाळची गोळी

आष्टीत माझ्याइतकं गुणी लेकरू दुसरं नव्हतं. हे मी नाही म्हणत, आजूबाजूच्या सगळ्या बाया म्हणायच्या. बसवलं तिथं बसायची. दिलं ते खायची, नाही दिलं तर मागायची नाही. जत्रेत फुगेवाल्यापुढं माझा धाकटा भाऊ मातीत लोळण घ्यायचा आणि मी आईचा पदर धरून जांभया देत उभी. गाल गुबगुबीत, चाल संथ, आवाज घोगरा. वर कपड्यांचा खर्चा नाही. एका दिवाळीचा फ्रॉक तिसऱ्या दिवाळीलाही बराबर बसायचा. आत्याला तर माझं कोण कौतुक! "असं लेकरू नशिबानं भेटतं बाई. तोंडातून शब्द निघल तर शपथ."

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडंच राहायला आल्ती. आई-वडील सकाळी शेतात निघून जायचे आणि मग घर आत्याच्या ताब्यात. तिला आवाज बिलकुल सहन व्हायचा नाही, स्वतःचा सोडून. भावाला ती उंबऱ्यातूनच हाकलायची. मला मात्र मांडीवर घेऊन शेंगा सोलून भरवायची. तिची मांडी गप्प बसणाऱ्यालाच मिळते, हे मला न सांगता कळलं होतं.

घरोघरी थोरल्याचे कपडे धाकट्याला जातात. आमच्याकडं उलटंच झालं. भावाला आखूड झालेला शर्ट आईनं एकदा मला घातला, तर तो मला ढगळ झाला. मी नऊ वर्षांची, भाऊ सातचा. आई माझ्याकडं बघतच राहिली. आत्या म्हणाली, "बरं झालं, शर्ट वाया न्हाई गेला." दुसऱ्या दिवशी कापसाची वेचणी सोडून आईनं मला जालन्याच्या बसमध्ये बसवलं. आत्याही निघालीच. तिच्याशिवाय आमच्या घरातलं कुणी आजारीसुद्धा पडत नसे.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, झोपते किती? आत्या म्हणाली, "उठवू तवा उठती, न्हाईतर उठतच न्हाई." थंडी वाजते का? "एक गोधडी दिली की काम झालं." संडासला रोज होते का? "अजिबात तरास न्हाई बाई, चार-चार दिवस जात न्हाई!" हे तिनं अशा थाटात सांगितलं, जसा काही माझा वर्गात पहिला नंबर आलाय.

रक्त तपासलं, मनगटाचा एक्स-रे काढला. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तो उजेडासमोर धरला. हाडं पाच वर्षांच्या मुलीची आहेत, म्हणाल्या. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी नीट काम करत नाही, म्हणून वाढ थांबलीय आणि म्हणूनच ही अशी शांत आहे.

"शांत ऱ्हाणं म्हंजे बिमारी व्हय?" आत्याला ते चांगलंच झोंबलं.

"हिच्यापुरती तरी आहे," त्या म्हणाल्या. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, नंतर तासभर चहा नाही, दूध नाही, काही नाही. आणि चुकवायची नाही. वाढीची वर्षं निघून गेली, तर मागाहून कितीही गोळ्या खाल्ल्या तरी उंची येत नाही.

गोळी द्यायचं काम आत्याकडं आलं. पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. मग एके दिवशी मी कोंबड्याच्या आधी उठले आणि भाकर मागितली. ती खाऊन दुसरी मागितली. आत्या चाट पडली. पुढं मी धावायला लागले, भावाला बदडायला लागले, शेजारच्या बोरीवर चढले, तिथून खाली येईना. शाळेत गुरुजींनी सगळ्यात आधी मला गप्प बसवायला सुरुवात केली. माझे गणिताचे मार्कही घसरले, कारण आता वर्गात बघण्यासारखं पुष्कळ होतं. काय मजा होती हो जगात! मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आत्या कपाळाला हात लावून बसायची. "गोळीनं पोरगी बिघडवली." तरी तिनं गोळी चुकवली नाही, हे खरं. पण शिमग्याच्या सुमारास पाहुण्या बाया आल्या, आणि आत्या त्यांना मिश्रीनं दात कसे किडतात ते समजावून सांगत होती. मी मध्येच म्हणाले, "आत्या, तुझी मिश्री देवाच्या फोटोमागं हाय, आणू का?" बाया हसून हसून लोळल्या. आत्या तोंडाला पदर लावून आत गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गोळीची पट्टी हातात घेतली, बघितली आणि परत ठेवली. मला जवळ ओढून म्हणाली, "थोडे दिवस ऱ्हाऊ दे. आईला सांगू नको. पाहू, माझी गुणाची बाय वापस येती का." कितीतरी दिवसांनी तिनं मला मांडीवर घेतलं होतं. मला तिथून उठायचं नव्हतं. मी मान हलवली.

हळूहळू मी गुणी झाले. आधी धावणं गेलं, मग भांडणं, मग भूक. आत्या खूश. जो येईल त्याला मला दाखवायची. आईला वाटलं, उन्हानं मलूल झाली असेल पोरगी.

चैत्रात शेजारणीच्या सांडपाण्याचा पाट आमच्या दारात आला. आत्या पदर खोचून बाहेर पडली. शेजारीण म्हणाली, पाणी आमचं नाहीच, बादली ओतताना कुणी बघितलंय? मी बघितलं होतं, पायरीवरूनच. आत्यानं माझ्याकडं बघितलं. "सांग गं, कुणी वतलं?" मी ऐकलं. उत्तरही मला ठाऊक होतं. पण ते जिभेपर्यंत आणायचं म्हणजे विहिरीतून घागर ओढायची होती. मी बसून राहिले. शेजारीण तोऱ्यात घरात गेली. आत्या भांडणात हरली, जन्मात पहिल्यांदा!

ती तणतणत माझ्याकडं आली. "तोंड शिवलंय का तुझं? का बोलली न्हाईस?"

मी म्हणाले, "आत्या, थंडी वाजून राह्यली."

डोक्यावर ऊन असं की पायरीला पाय टेकवत नव्हता. कुत्रीसुद्धा रांजणाखाली जाऊन पडली होती. आत्या मटकन खाली बसली. तिनं माझे पाय हातात घेतले. ते गार होते. तिनं ते चोळले, पदरात गुंडाळले, पुन्हा चोळले. मग ती रडायलाच लागली, मोठ्यानं, भर उन्हात.

"तुला गुणी म्हणत व्हते गं मी, अन् तू गारठून बसली व्हतीस."

आई शेतातून आल्यावर आत्यानं स्वतःच सगळं सांगितलं. आई तिला काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. आत्यानं ते खाली मान घालून ऐकून घेतलं. लगेच आम्ही तिघी जालन्याला जाऊन आलो. डॉक्टरीणबाई आत्याला वेगळं रागावल्या, पण वेळ गेलेली नाही म्हणाल्या. दुसऱ्या सकाळपासून गोळी सुरू. चहाशिवाय आत्याचं डोकं दुखायचं, पण माझा तास होईपर्यंत तीही उपाशी माझ्यासमोर बसायची. बसून माझ्या तोंडाकडं बघत राहायची.

"काही म्हण की गं," एवढंच अधूनमधून. मला काही सुचायचं नाही. असे कितीतरी दिवस गेले. ती रोज जरा जास्तच घाबरल्यासारखी दिसायची.

मग एकदा ती माझी वेणी घालत होती. आधीच हात जड, त्यात घाई. मी डोकं हिसकावून ओरडले, "आत्या, केस हायेत का बैलाचा कासरा? हळू वढ की! आंधळी झालीस का?"

फणी तिच्या हातातून खाली पडली. मला वाटलं, आता पाठीत धपाटा. तर ती चुलीपुढच्या आईला हाका मारायला लागली, "अगं, सोड ती भाकर, बाहीर ये जल्दी! ऐकलं का? माझी पोरगी भांडून राह्यली माझ्याशी!"