नळ उघडला की मारणारी मुलगी

आमच्या कॉलेजात बौद्धिक दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी बेकरीचा एक वर्षाचा वर्ग होता. तो मी चालवत होते. त्या दुष्काळाच्या वर्षी वर्गात वीस वर्षांची एक मुलगी होती, बजाजनगरहून यायची. ट्रे पुसणं, नानकटाई मोजून डब्यात लावणं, सगळं नीट. पण हात धुवायच्या वेळी बेसिनपाशी कोणाला ना कोणाला मारायची. एकदा एका मुलाच्या नाकातून रक्त आलं, त्याचे वडील भांडायला आले. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, आणखी एकदा असं झालं तर तिचं नाव काढू.

अशा वागण्याची नोंद ठेवायची आमची पद्धत ठरलेली असते: आधी काय घडलं, तिनं काय केलं, नंतर काय झालं. 'आधी'च्या रकान्यात मी तीन आठवडे 'विशेष काही नाही' असंच लिहीत होते. दमलेलं माणूस असंच लिहितं.

शेवटी तिच्या आईला बोलावलं. मेंढ्या विकून ते शहरात आलेले, आता नवराबायको दोघंही मजुरीवर. तक्रार ऐकून बाई खाली मान घालून बसली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, तुमच्याकडं पाण्याचं कसं काय?

"टँकर आला की पाईप हीच धरती, म्याडम. आमी कामावर असतो ना. पानी सांडलं तर बापालाबी सोडत नाय. लई जपती."

वीस आकडे म्हणेपर्यंत नळ चालू ठेवून हात चोळायचे, हे सगळ्यांना मीच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी नळ बंद केला, बादली आणि मग ठेवला आणि हातावर पाणी घालायचं काम तिलाच दिलं. चार दिवस कोणाला मार बसला नाही. पाचव्या दिवशी प्राचार्य स्वतः बघायला आले. तिनं त्यांच्या हातावर अर्धा मग ओतला. साबण राहिला म्हणून त्यांनी आणखी मागितलं. तिचा हात वर गेला. मी मध्ये पडणार, तेवढ्यात तिनं खुंटीवरचं फडकं ओढून त्यांच्यापुढं धरलं.

"पुसा."

त्यांनी मुकाट्यानं हात पुसले. नाव राहिलं.

पुढच्या आठवड्यात शिपाई गाल चोळत माझ्याकडं आला. कूलर तिच्यासमोर भरत जाऊ नका, एवढंच त्याला सांगितलं आणि ओव्हन लावायला गेले.