शंभर मार्कांची मायनस वन

"इथं मोजणी शून्यापासून!" म्हणत सर मार्कर फळ्यावर दोनदा आपटायचे. दादरला झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत ते प्रोग्रामिंग शिकवायचे. असा मास्तर तुम्हालाही भेटला असेल. शिकवायला एक नंबर, जीभ मात्र ब्लेड.

यादीतला पहिला तो शून्य आणि मागून मोजलं तर शेवटचा मायनस वन, हे त्यांनी मला उभं करून शिकवलं. पहिल्या चाचणीत मी शेवटची आले होते. तेव्हापासून माझं नाव तेच.

आई लालबागला मसाल्याच्या डंकावर मिरच्या कुटते. कपड्यांना तो वास राहतोच. मी दारात आले की सर मुद्दाम शिंकायचे. "मायनस वन आल्या वाटतं!" वर्ग हसायचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हसणारा एकेक चेहरा मी लक्षात ठेवला.

शेवटच्या परीक्षेत शंभरपैकी शंभर काढले. पहिले पाच जण एका कंपनीत मुलाखतीला जाणार होते. सरांनी सगळ्यांदेखत मार्कांची यादी उतरत्या क्रमाने लावली. पडद्यावर सगळ्यांत वर अठ्ठ्याण्णव. सगळ्यांत खाली मी.

"बघा, मशीनलासुद्धा पटत नाही!"

मी उठून पुढे गेले. "सर, तुम्ही मार्क अवतरणचिन्हांत टाकलेत. मशीनला ते आकडे नाहीत, अक्षरं वाटतात. ते पहिलंच अक्षर बघतं. शंभरातला एक नवाच्या खाली जातो."

"खाली बसा."

"नाही बसत." अवतरणचिन्हं काढून मी यादी पुन्हा लावली. माझं नाव वर. "आता मोजा, सर. शून्यापासून. मोठ्यानं."

सरांनी चष्मा पुसला. "शून्य," म्हणाले, आणि माझं पूर्ण नाव घेतलं. पहिल्यांदाच. ते ऐकायला गोड लागलं. आजही लागतं.

नोकरी मिळाली. दोन वर्षांनी कायम झाले, तेव्हा पत्र आणि पेढे घेऊन गेले. पाया पडायला नव्हे, पत्र त्यांच्या नाकासमोर धरायला. खोलीला कुलूप.

"सर गेले ना गं, दिवाळीआधीच," झेरॉक्सवाले काका म्हणाले. "तू शंभरवाली ना? प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी तुझीच गोष्ट. चूक माझी, पकडली माझ्या विद्यार्थिनीनं, म्हणायचे."

माझ्या विद्यार्थिनीनं! म्हणजे शेवटचा शब्द पुन्हा त्यांचाच.

जिन्याच्या पायरीवर बसून मी सगळे पेढे एकटीनं खाल्ले. त्यांच्या नावाचा एकही ठेवला नाही. मोजले मात्र शून्यापासून.