मास्तर, एक वाशी द्या

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर कोंबडीच्या पायांचं. चौथीनंतर हात फिरला तो भाकरीवर. ही वही कोणी वाचणार नाही, तरी आधीच माफी मागून ठेवते.

पनवेलपर्यंत लोकल आली त्याच्या पुढच्या साली वाशीला नणंदेच्या बाळाचं बारसं होतं. मालकांची कंपनीत पाळी, म्हणून पोलादपूरहून मी एकटीच निघाले. बाळाच्या हातावर ठेवायला त्यांनी शंभराची नोट दिली. म्हणाले, "एवढं नीट पोचव, मग पुन्हा एकटीला पाठवीन."

पनवेलला एसटीतून उतरले. स्टेशनात गेले तर लोकल उभीच होती, बायकांचा डबा जवळजवळ रिकामा. कोणाला काही विचारायचं तर मला घाम फुटतो, पण विचारायचं काय होतं? आमच्याकडे गाडीत बसलं की कंडक्टर येतो. त्याला शोधावं लागू नये म्हणून दाराजवळ बसले. सुटे पैसे मुठीत.

दोन स्टेशनं गेली. कोणी येईना. मला त्या माणसाच्या नोकरीची काळजी वाटू लागली. एवढ्यात काळा कोटवाला चढला आणि पलीकडे वळला. तो जाईल म्हणून मी जन्मात नव्हते ओरडले एवढ्या मोठ्याने ओरडले, "मास्तर, एक वाशी द्या!"

"चेष्टा करता काय बाई?"

"नाय हो. मघापासून वाट बघते. तुम्हीच उशीर केलात."

समोरची बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "मावशी, ते तिकीट देत नाहीत, बघतात."

"मग देतं कोण?"

यावर कोटवाल्यांनी दंडाची पावती फाडली. डब्यात त्यांना हाक मारणारी मी एकटी, दंडही मलाच. शंभराची नोट मोडली. उरलं ते परतीच्या एसटीला हवं होतं.

नणंदेला सगळं सांगितलं. तिने हसत हसत बाळ माझ्या मांडीवर टाकलं. "वैनी गो, दादाला सांगते शंभर पोचले. पण उधारी हाय हां. बाळाचे पैसे हायत ते."

नंतर पावसाळाभर गुपचूप अंडी विकली. मालक मात्र शेजारी सांगत, "आमची एकटी वाशीला जाऊन येते!"

दिवाळीनंतर पुन्हा पाठवलं. या वेळी खिडकीवर तिकीट काढलं आणि वाशीपर्यंत हातात धरून बसले. बघायला कोणी आलं नाही.

बाळाच्या मुठीत दहा-दहाच्या दहा नोटा दिल्या. एक त्याने लगेच तोंडात घातली. नणंदेने ती ओढून काढली, पुसली, आणि ओल्या नोटेसकट सगळ्या मोजल्या. शंभर पुरे फिटले.