नळीतला फिका रंग

साठ सालच्या आसपास तळोद्याच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले. रक्त तपासायला डॉक्टरांनीच शिकवलं. बोट टोचून थेंबभर रक्त नळीतल्या आम्लात मिसळायचं. ते तपकिरी झालं की शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी घालायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा.

"अंगात रक्त किती, हे यात कळत नाही," ते म्हणाले होते. "रक्ताची लाली किती, ते कळतं. आपला श्वास ती लालीच अंगभर पोचवते. पोटातल्या बाळालाही."

मी ते पाठ केलं. समजलं नव्हतं.

एका सकाळी धडगावकडच्या डोंगरातून नवरा-बायको आले. तिला सातवा महिना. दोन पायऱ्या चढून ती धापा टाकत बाकावर बसली. नवऱ्याने बाजारात शिकलेल्या अहिराणीत विचारलं, "रगत कमी शे का?"

मी नळी खिडकीकडे धरली. पाण्याचा थेंबही घातला नव्हता, तरी रंग काचेपेक्षा फिका; वाचायला आकडाच नव्हता. माझंच चुकलं असेल म्हणून दुसरं बोट टोचलं. पुन्हा तेच. डॉक्टर म्हणतील, हिला साधी तपासणी येत नाही. मी कागदावर सात लिहिलं, म्हणजे कमी, पण गोळ्यांनी भरून येईल इतकं.

डॉक्टर कुणाला तरी टाके घालत होते. आकडा वाचून त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी बोलावलं.

महिन्याने नवरा आला तो गरोदर मेव्हणीला घेऊन. "ती गई, बाई. पोऱ्या बी. हिनं रगत देखा."

आत जाऊन मी डॉक्टरांना सगळं सांगितलं.

"जुळलं नाही, तर जुळलं नाही असं लिहायचं. त्याच दिवशी तिला रक्त चढवायला धुळ्याला पाठवलं असतं," ते म्हणाले. मग हळूच, "मीही तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही."

मेव्हणीचं रक्त त्यांनी स्वतः तपासलं. ती सुखरूप बाळंत झाली.

पुढे कितीतरी वर्षं नळी उजेडात धरली की मागच्या बाकावर कुणी धापा टाकतंय असं वाटायचं. वळून बघावंच लागे. बाक बहुतेक वेळा रिकामा असायचा.

तिच्या नवऱ्याला मी काहीच सांगितलं नाही. तो बाजाराच्या दिवशी दिसायचा, थांबून राम राम करायचा, माझ्या पोरांची तब्येत विचारायचा.