संत्रं सोलण्याचं शास्त्र

जगातली सगळी माणसं एका संत्र्यात मावतात असं मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझा साडू निघाला. साडू निवडता येत नाही. मुलगी बघायला गेलेला माणूस फार तर सासूचा स्वभाव विचारतो, सासऱ्याची शेती विचारतो. मुलीच्या थोरल्या बहिणीने आधीच कोणाशी लग्न करून ठेवलं आहे, याची चौकशी करण्याचं भान त्या वेळी कोणाला असतं? मलाही नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा पांढुर्ण्याहून मध्य प्रदेशातल्याच सौंसरला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा दारातच चहापाण्याआधी त्यांनी माझ्या हातात एक संत्रं ठेवलं आणि समोर खुर्ची ओढून बसले. मी आपलं सोलून खाल्लं. ते आत जाऊन ताईंना, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीला म्हणाले, "मानूस साधा हाय, पन घाईचा हाय. याचे पूर्वज कोष्टी असतीन." आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी मागाला हात लावलेला नाही. पण ते त्यांना सांगायला मला पुढे कधी वाव मिळाला नाही.

साडभाऊ वीज खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत घरोघर मीटर बघत फिरण्यात त्यांची उमर गेली, आणि रामाकोन्याच्या रस्त्यावर वडिलोपार्जित संत्र्याची बाग. घरोघर फिरायचं, खिशात संत्री असायची, ती वाटायची आणि लोक कसे खातात ते बघायचं, यातून त्यांचं शास्त्र जन्माला आलं. या शास्त्राप्रमाणे मारवाडी माणूस साल फेकत नाही, वाळवायला ठेवतो. सिंधी सोलता सोलता भाव विचारतो. पंजाबी दोन फोडी एकदम तोंडात टाकतो. इंदूरवाला वर भुरभुरायला जिरावन मसाला शोधतो, भोपाळवाला सोलून देणारा शोधतो. नागपूरकर अर्धं संत्रं हातात धरून नागपूरच्या संत्र्याबद्दल बोलत राहतो, आणि पुणेकर आधी वास घेतो. मोहगाववाल्याला एक दिलं तर तो एक खातो आणि एक खिशात घालतो. मोहगाव सौंसरपासून हाकेच्या अंतरावर आहे, बोली तीच, देव तेच, सोयरीकही होते. पण साडभाऊंचा सगळ्यात जुना आणि जपलेला आकस मोहगाववर होता. परमुलखाच्या लोकांबद्दल त्यांची मतं होती, मोहगावबद्दल श्रद्धा होती.

या सगळ्यांच्या वर सौंसरचा माणूस. तो देठाकडून सोलत नाही, बुडाकडून नखाने चीर देतो, साल तुटू न देता चार पाकळ्यांत उघडतो, फोडींवरचे पांढरे दोरे काढतो, बिया त्याच सालीच्या वाटीत ठेवतो आणि पहिली फोड दुसऱ्याला देतो. शास्त्र लिहिणाऱ्याने स्वतःचं गाव वर ठेवलं नाही, असं शास्त्र अजून मला भेटायचं आहे.

अडचण एकच होती. हे शास्त्र कधीही खरं निघत नसे. एकदा बसमध्ये शेजारच्या गृहस्थांना त्यांनी संत्रं दिलं. त्यांनी साल नीट घडी करून पिशवीत ठेवली. साडभाऊंनी माझ्या बरगडीत कोपर मारून "मारवाडी" असा त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात निकाल दिला. गृहस्थ छिंदवाड्यापलीकडच्या एका खेड्यातले गोंड हेडमास्तर निघाले. बसमध्ये कचरा करू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. खाली उतरल्यावर मी साडभाऊंकडे पाहिलं. ते जराही डगमगले नाहीत. "शेजारी मारवाड्याचं दुकान असन," ते म्हणाले. "संगतीनं हात बदलते."

हे त्यांचं हुकमी वाक्य. सिंधी म्हणावा तो तेली निघाला, संगतीनं हात बदलते. बंगाली ठरवलेल्या डॉक्टरीणबाई वरुडच्या देशमुख निघाल्या, संगतीनं हात बदलते. ताई म्हणायच्या, "मंग सगळ्याहीचेच हात बदलले असतीन, तर तुम्ही पाहून काय राहिले?" यावर साडभाऊ पेपर वाचायला घेत.

गावात सगळेच हसून सोडून देत असं मात्र नाही. दवाखान्यात तामियाकडची एक नर्स होती, गोंड मुलगी, तोंडाने फटकळ आणि हाताने हलकी. साडभाऊ इंजेक्शनला गेले की संत्रं घेऊन जात. तिने एकदा ते परत त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "काका, सोलून द्या. मी कशी सोलते ते पाहायले टपून बसता तुम्ही. मी कोन हाय ते मीच सांगीन ना, विचारा तर खरं. आजपावेतो विचारलं का?" साडभाऊंनी संत्रं सोललं, दोरे काढले, आणि फोडी तिच्या ट्रेमध्ये ठेवल्या. घरी येताना मला म्हणाले, "पोरगी तिखट हाय." शास्त्र त्यांनी सोडलं नाही, पण तिला पुढे नेहमी सोललेलंच संत्रं मिळालं.

गंमत अशी की याच माणसाला कोणी वरून खालपर्यंत न्याहाळलं की सहन होत नसे. पुण्याला एका लग्नात पंक्तीत बसलेल्या कोणा सद्गृहस्थाने गाव विचारलं आणि साडभाऊंनी मध्य प्रदेश म्हणताच पुढचं सगळं संभाषण हळू आवाजात, सावकाश हिंदीत केलं; निघताना वर "एमपीचे असून मराठी बरं बोलता हो तुम्ही" असं प्रशस्तिपत्रही दिलं. उलट भोपाळला नोकरीच्या कामाने जात, तेव्हा तिथले साहेब म्हणत, "आप लोग तो महाराष्ट्र वाले हैं." पुण्यात हे हिंदी, भोपाळात हे मराठी. पुण्याहून परतल्यावर महिनाभर ते धुमसत होते. "मले हिंदीत पानी विचारलं त्यानं," ते येईल त्याला सांगत. ताईंनी शांतपणे विचारलं, "टोचलं ना? त्या हेडमास्तरालेही टोचलं असन." साडभाऊ म्हणाले, "त्याच्यासंगं तर मी चांगल्या मनानं केलं."

तर असं हे शास्त्र चाललेलं असताना एका संध्याकाळी मला त्यांच्या मुलीचा, रेवतीचा, बंगळूरहून फोन आला. ती तिथे नोकरीला होती. साडभाऊंची एकुलती एक, आणि त्यांच्या शास्त्राला कंटाळलेली त्यांची पहिली विद्यार्थिनी. "मावसाजी," ती म्हणाली, "माझ्या ऑफिसातला मुलगा आहे. दरभंग्याचा. मी बाबांना सांगितलं." मी विचारलं, काय म्हणाले? "म्हणाले, बिहारचा मानूस संत्रं सोलत नाही, फोडते." मग ती म्हणाली, "मी पळून जाणार नाही, मावसाजी. बाबांना एकटं पाडून मला संसार नाही करायचा. पण ते नाही म्हणाले, तर मी दुसऱ्या कोणाशीही करणार नाही. एवढं तुम्ही त्यांच्या कानावर घाला." रेवती बापासारखीच होती, बोलली की बोलली.

मी कानावर घातलं. "येऊ द्या त्याले, बापालेही आना म्हना," साडभाऊ म्हणाले. "एक संत्रं देतो. निकाल जागच्या जागी." ताईंनी डोळ्याला पदर लावला आणि आत गेल्या. मीही हसलो नाही. पोरीचं सगळं आयुष्य आता एका फळाच्या सालीवर आलं होतं, आणि परीक्षक कसा आहे ते मला ठाऊक होतं.

रेवती आदल्या दिवशीच येऊन पोचली होती; मुलगा आणि त्याचे वडील नागपूरवरून बसने आले. वडील रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, आता निवृत्त. ठेंगणे, जाड मिशांचे, आल्या आल्या घरातल्या प्रत्येकाकडे टक लावून पाहणारे. ती नजर मला कुठेतरी ओळखीची वाटली. नमस्कार झाले, पाणी झालं, आणि साडभाऊंनी नुकत्याच धुतलेल्या संत्र्यांची टोपली पुढे केली. मुलाने एक संत्रं उचललं. आधी ते शर्टाच्या पोटावर दोनदा पुसलं. मग बुडाला नखाने चीर दिली. साल चार पाकळ्यांत उघडली, एक पाकळी तुटता तुटता वाचली. मग त्याने एकेक दोरा काढला, बिया सालीत ठेवल्या, आणि पहिली फोड साडभाऊंपुढे धरली.

साडभाऊ फोडीकडे बघत नव्हते, ते मुलाच्या शर्टावरच्या ओल्या डागाकडे बघत होते. कारण बुडाकडून सोलणं सौंसरचं खरं. पण सोलण्याआधी संत्रं पोटावर दोनदा पुसणारा माणूस साऱ्या तालुक्यात एकच होता. ते शास्त्रातही नव्हतं. ते फक्त लहानपणापासून त्यांच्या मांडीशी बसलेल्या मुलीला माहीत होतं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे रेवती खाली मान घालून उभी होती. बंगळूरच्या त्या महागाईत या दोघांनी किती पेट्या संत्री सोलून टाकली असतील देव जाणे.

साडभाऊ चांगलेच कोंडीत सापडले. शास्त्र खरं, तर मुलगा सौंसरचा आणि जावई आपला. मुलगा परका, तर शास्त्र खोटं. फोड हातात घेऊन ते बसून राहिले. ही कोंडी आणखी किती वेळ चालली असती कोण जाणे, पण तेवढ्यात मुलाच्या वडिलांना, म्हणजे होऊ घातलेल्या व्याह्यांना तहान लागली असावी. त्यांनी टोपलीतलं मोठं संत्रं उचललं, दोन्ही अंगठे त्याच्या मधोमध घुसवले आणि कचकन फोडून त्याचे दोन तुकडे केले. रसाची पिचकारी सरळ साडभाऊंच्या चष्म्यावर.

मला वाटलं, संपलं. मुलाने डोळे मिटून घेतले. पण चष्म्याच्या ओल्या काचांमागे साडभाऊंचा चेहरा असा उजळला की तसा मी तो त्यांच्या पेन्शनच्या कागदावर सही झाली तेव्हाही पाहिला नव्हता. इतक्या वर्षांत त्यांचं पहिलंच भाकीत खरं ठरलं होतं. "पाहा," ते उभेच राहिले, "म्हनलं होतं का नाही? फोडते. बिहारचा मानूस फोडते." आणि आनंदाच्या भरात त्यांनी व्याह्यांना मिठी मारली. व्याह्यांना त्यातलं अक्षर कळलं नव्हतं, पण मिठी कळली. मी हळूच विचारलं, मग मुलाचं काय? साडभाऊंनी हातातली फोड तोंडात टाकली. "बाप बिहारचा, पोरगा सौंसरचा," ते म्हणाले. "संगतीनं हात बदलते. गोड हाय."

ती नजर ओळखीची का वाटली, ते जेवताना कळलं. व्याही आपलं ताट सोडून साडभाऊंचं ताट न्याहाळत होते. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "भात में दाल का गड्ढा नहीं बनाते. ऐसे लोग ज़िद्दी होते हैं." मालगाडीच्या शेवटच्या डब्यातून त्यांनी सगळा देश पाहिला होता आणि स्टेशनास्टेशनावर भातात वरण कोण कसं कालवतो त्यावरून माणसांच्या जाती लावल्या होत्या. हेही शास्त्र तितकंच खोटं होतं. साडभाऊंबद्दलचं तेवढं बरोबर होतं.

तेव्हापासून दर थंडीत व्याही सौंसरला येऊन राहत. जावई-लेक चार दिवसांत जात, हे महिनाभर. रोज सकाळी दोघं बसस्टँडच्या बाकावर जाऊन बसत. नागपूरची बस लागली, छिंदवाड्याची बस लागली की उतरणाऱ्या माणसांवर दोन्ही शास्त्रं एकदम चालत. एकदा पगडीवाल्या एका भारदस्त माणसावरून वाद झाला. साडभाऊ म्हणाले राजस्थान, व्याही म्हणाले काठियावाड. दोघांनी संत्रं देऊन विचारलं तर तो मोहगावचा निघाला. दुसरं संत्रं त्याने खरंच खिशात घातलं, आणि साडभाऊ आठवडाभर खूश होते. दोघांच्या तोंडून मी कोणाबद्दल एक चांगला शब्द ऐकला नाही, आणि कोणाला संत्रं न देता जाऊ दिलेलं पाहिलं नाही. घरी संत्रं खाताना रोज भांडण. "सोलो ना, समधी जी," साडभाऊ ओरडत. "कितना टाइम लगता है उसमें," व्याही फोडत. चष्मा रोज धुवावा लागे.

गेल्या पावसाळ्यात व्याही गेले. झोपेतच गेले. साडभाऊ दरभंग्याला जाऊन आले आणि आल्यावर तिथल्या लोकांबद्दल काहीच बोलले नाहीत. त्यांच्या तोंडून एका मुलखाबद्दल काहीच न निघण्याची ही पहिलीच वेळ.

परवा सौंसरला गेलो तर ते बसस्टँडवर होते. त्याच बाकावर, एका कडेला सरकून, मधली जागा सोडून. मी त्या जागेवर बसलो. त्यांनी पिशवीतून संत्रं काढलं, पोटावर दोनदा पुसलं. मी नेहमीप्रमाणे नखाची वाट पाहत होतो. पण त्यांनी दोन्ही अंगठे मधोमध घातले आणि कचकन फोडलं. रस त्यांच्या चष्म्यावर उडाला, माझ्या शर्टावरही. इतकी वर्षं त्या शास्त्राचा मार खाल्लेल्या मला ही संधी सोडवेना. म्हणालो, "साडभाऊ, हा हात तर बिहारचा."

त्यांनी हातातल्या दोन तुकड्यांकडे पाहिलं. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, तो जरुरीपेक्षा जास्त वेळ पुसला. "संगतीनं हात बदलते," ते म्हणाले, आणि अर्धं संत्रं माझ्या हातात ठेवलं. त्यांना तो माणूस फार आठवत होता, आणि मलाही. छिंदवाड्याची बस आली, माणसं उतरली, चढली, बस गेली. आम्ही संत्रं खात होतो. कोण कुठला, ते आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.