पिंजऱ्यातला ड्रॅगन

मुलांनो, तुम्ही तिकडे संगणकावर ड्रॅगन मारता, असं तुमचा बाबा फोनवर कौतुकाने सांगत होता. त्याने स्वतः एकही मारलेला नाही, हे सांगितलं का?

दोन हजार सालानंतरच्या एका मे महिन्यात तो पुण्याच्या होस्टेलवरून मंचरला आला, तो एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा घेऊन. खेळ असा: प्रत्येकाने योद्धा नाहीतर जादूगार व्हायचं, आपण काय करतो ते तोंडाने सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे फासा ठरवणार. नियम वाचायला मी, तुमची आजी, म्हणून पंच मी आणि ड्रॅगनही मीच.

खेळाडू तिघे. तुमचा बाबा जादूगार. येडगावहून सुटीला आलेला माझा भाचा धनुर्धारी. शेजारच्या कापड दुकानदाराची मुलगी ढालवाली. एकी शून्य. जादूगार सगळ्यांच्या आधी गुहेत घुसायचा आणि धनुर्धाऱ्याचा बाण हमखास त्याच्याच पाठीत बसायचा.

ढालवालीची अडचण निराळी होती. घर जैन. आईने बजावलं होतं, "खुशाल खेळ. पण कागदावर जरी जीव घेतलास, तर खेळणं बंद." आणि त्या दिवशी गुहेत ड्रॅगन होता, नि संध्याकाळी आई तिला न्यायला येणार होती.

"तू नुसती ढाल धर, मी जाळतो त्याला," बाबा म्हणाला.

"मदत केली तरी पाप लागतं."

"मग जा घरी!"

"गेले असते. पण तुला वाचवणार कोण? कालच मेला होतास."

भाचा वैतागला. "आरं, भांडता कशाला? आमच्याकडं उसात बिबट्या आला तवा कुणी मारला व्हय? पिंजरा लावला. मागच्या कप्प्यात शेळी, फुडच्यात बिबट्या. शेळीला वरखडाबी न्हाई."

"शेळी नको. घाबरेल ती," ढालवाली म्हणाली.

मग दोघांनी एकदमच बाबाकडे पाहिलं.

"ए, मी जादूगार आहे!"

"म्हनून तर. वरड मोठ्यानं, तुला लई सवय हाय."

पुस्तकात पिंजऱ्याचा नियम नव्हता. मी परवानगी दिली. बाबा मागच्या कप्प्यात बसून मनापासून ओरडला. भाच्याने बाण मारून गुहेतून बाहेर पडायची दुसरी वाट अडवली. मी, म्हणजे ड्रॅगन, मोठ्या आनंदाने तुमच्या बाबाला खायला निघाले. दार पाडायचा दोर ढालवालीच्या हातात होता.

"पंधराच्या वर पडायला हवा," मी म्हटलं.

तिने फासा टाकला आणि तिची आई नेमकी दारात आली. फासा घरंगळत आईच्या पायाशी थांबला.

"अठरा!" भाचा ओरडला.

"मेलं का काही?" आईने विचारलं.

"नाही मम्मी, कोंडला! आता लांब नेऊन सोडणार."

"येडगावकडं न्हाई हां," भाचा म्हणाला. "घोडेगावकडं न्या."

आई पदर सावरून खाली बसली. "सोडता कशाला? परत येईल की. पांजरपोळात ठेवा. म्हाताऱ्या बैलांना सांभाळतात, तसं ह्यालाही सांभाळतील." मग माझ्याकडे वळून, "वहिनी, हा खातो काय?"

मी पुस्तक चाळलं. मांस, असं स्पष्ट छापलं होतं.

"ते सोडवू आपण," ती म्हणाली. "वरण-भाकरीची सवय लावायची हळूहळू. उद्या हिला लवकरच पाठवते. सकाळी त्याला खायला कोण घालणार?"